माझ्या बाजूचा कान

आमच्या हिला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी, आणि पुढेही वर्षानुवर्षं पाठमोरीच पाहत आलो. ही शाळेत कवायतीची बाई आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून. माझ्या बोटांत ताल आहे हे कुणीतरी हेडमास्तरांच्या कानावर घातलं आणि सकाळच्या कवायतीचा ड्रम माझ्या गळ्यात पडला, तो अक्षरशः. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा ओटा होता. ओट्यावर मधोमध ही, आणि हिच्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे, मी. जागा हेडमास्तरांनी ठरवून दिलेली. ड्रम तिथून वाजवला की आवाज समोरच्या इमारतीवर आपटतो आणि शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

तर मला दिसायची ती हिची ताठ पाठ आणि घट्ट अंबाडा. हिचा चेहरा दिसायचा समोरच्या पोरांना. मला तेव्हापासून त्या पोरांचा हेवा वाटतो. ती पोरं आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली झाली आहेत, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात, आणि तरीही वाटतो.

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काही लोकांना पित्ताचा त्रास असतो, तसा मला हा. तपासणीला आलेले साहेब हिला म्हणाले, "बाई, तुमचं पथक घड्याळासारखं चालतं," तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अहो, घड्याळ मागे उभं होतं की! पण साहेबांनी ड्रमकडे ढुंकून पाहिलं नाही. शाळेच्या वार्षिक अंकात फोटो आला, त्यात ही पूर्ण आणि माझं नुसतं एक कोपर. तो अंक हिनं जपून ठेवलाय. कुणी आलं की दाखवते आणि वर म्हणते, "हे कोपर आमच्या ह्यांचं."

लग्नाचं विचारलं तेही मी मागूनच. कवायत संपली, शेवटचा ठोका दिला आणि धीर करून बोलून टाकलं. ही वळलीसुद्धा नाही. शिटी फुंकली, रांगा वर्गाकडे वळवल्या, शेवटचं पोर आत जाईपर्यंत हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि मग म्हणाली, "असलं मागून विचारायचं नसतं. घरी येऊन विचारा."

हिचा स्वभाव असाच, सगळं मोजून-मापून. घरात चादरीची घडी घालायची तरी समोरच्या टोकाला मला उभं करून "एक, दोन, जवळ या, तीन." सूनबाई सुरुवातीला हसायची. आता तीही मोजते. माणसं लक्षात ठेवायची हिची पद्धतही निराळी. नाव विसरेल, सांधा विसरणार नाही. "त्या डाव्या गुडघ्याच्या आजी आज आल्या नाहीत," म्हणते, "आणि मानेच्या काकांना उन्हात उभं करू नका." पण ह्या मोजमापाखाली माया आहे. गुडघ्याच्या आजी चार दिवस दिसल्या नाहीत तर ही त्यांच्या दारात जाऊन उभी राहते, आणि आजींना मुकाट्यानं उठून यावं लागतं.

शाळा सुटली, म्हणजे आम्ही दोघं निवृत्त झालो, तशी ही दोन महिने घरात बसली आणि घरातल्या सगळ्यांना सरळ करून सोडलं. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई, बाहेरच्यांना शिकव. आम्ही शिकलो." मग हिनं मोठ्या माणसांचे व्यायामाचे वर्ग सुरू केले. एक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, एक दवाखान्याच्या तळघरात, एक सोसायटीच्या गच्चीवर. ड्रम अर्थातच माझा. हॉलमध्ये ओटा नव्हता, पण जागा तीच राहिली. हिच्या उजवीकडे, एक पाऊल मागे, स्टुलावर मी. सवयीनं आम्ही आपोआपच तशी जागा घेत होतो.

ह्या तीन ठिकाणी जायला-यायला आमची जुनी निळी गाडी. गाडी मी चालवायची, ही शेजारी, ड्रम मागच्या सीटवर पट्टा लावून. घरात मुलगा, सूनबाई, नातवंडं, टीव्ही. तिथे नवरा-बायकोनं काय बोलायचं? आमचं बोलणं गाडीत. कुणाचा सांधा सुधारला, कुणाची सून बिघडली, भाज्या कुठे ताज्या मिळतात, मुलगा हल्ली गप्प का असतो. मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचा, हिनं त्यावर नवा व्यायाम बसवायचा. मला विचाराल तर माझा संसार चार भिंतींत नव्हता, त्या चार चाकांवर होता. म्हणून पुढे जे झालं ते मला इतकं झोंबलं.

झालं असं की वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्यानंतरच्या तासाला एक तरुण आला. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला यायच्या, म्हणून आम्ही त्याला दंडवाला म्हणायचो. आम्ही म्हणजे मी. ही त्याला "तो मुलगा" म्हणायची, आणि तेही जरा जास्तच कौतुकानं. त्याच्या दंडाला पट्टीनं एक चिमुकली डबी बांधलेली असायची. बटण दाबलं की भिंतीवरच्या स्पीकरमधून गाणी सुरू. आमच्यातल्या दोघी-तिघी आपला तास झाल्यावर त्याच्या तासालाही रेंगाळायला लागल्या. त्यात डाव्या गुडघ्याच्या आजीही होत्या. मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एके दिवशी गाडीत बसता बसता ही म्हणाली, "अहो, आपणही एक गाणी वाजवायचं घेऊ या. छोटं, खिशाला परवडेल असं. वर्गातही चालेल, गाडीतही चालेल."

"आणि ड्रम?"

"ड्रमला जरा विश्रांती."

विश्रांती! माणसाला काढून टाकायचं असलं की असेच शब्द वापरतात. आमच्या ऑफिसातही वापरायचे.

"फोन आहे की तुझा," मी म्हणालो. "त्यावर गाणी वाजतात."

"वाजतात हो. आणि मध्येच लेकीचा फोन येतो, की वर्ग हात वर करून उभा. मागे कंबरेच्या काकूंचे हात वरच राहिले होते, विसरलात?"

ते खरं होतं. खरं असलं की मला अजूनच राग येतो.

"त्या दंडवाल्यानं भरवलं ना तुझ्या डोक्यात?"

"त्याला विचारलं मी, कुठलं चांगलं ते."

संपलं. माझी बायको ताल कुठे मिळतो ते परक्याला विचारते आणि शेजारी मी बसलेलो! तेव्हाच ठरवलं, घ्यायचंच असेल तर ती वस्तू मी निवडणार. आणि खरं सांगतो, मनात असंही होतं की अशी निवडीन की पुन्हा नाव काढायची नाही.

दुकान वाचनालयाच्या रस्त्यावरच होतं. काउंटरवर जाड चष्म्याची एक मुलगी होती. तिनं काचेवर एकेक डबी मांडली. पहिलीला इवलासा पडदा, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. "दिसत नाही," मी म्हणालो. दुसरीला पडदाच नाही, नुसता चिमटा, कपड्याला अडकवायचा. "कुठलं गाणं लागणार हे कळायचं कसं?" मी विचारलं. "काका, ते आपोआप कुठलंही लागतं," मुलगी म्हणाली. "मग काय, कवायत संपल्यावर कवायतीचं लागणार!" तिसरी चांगली जाडजूड, रेडिओसकट. ती हिनं कमरेला लावली आणि दुकानाच्या मधोमध, गिऱ्हाइकांच्या देखत, हात-पाय फाकवून उड्या मारायला सुरुवात केली. डबी दोन उड्यांत घरंगळली आणि वायरीला लोंबकळायला लागली. "ही नापास," ही म्हणाली. एका गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचे हात हवेतच थांबले.

मग चौथी आली. साधी, काळी, हाताच्या मुठीत मावणारी. बटणं उंचवट्याची, न बघता बोटाला कळतील अशी. मागे घट्ट चिमटा. गाडीला लावायची तार सोबत. मी ती बाहेर नेऊन गाडीला जोडली, एक गाणं लावलं आणि काय सांगू! ठोका असा स्वच्छ की बोटं आपोआप स्टिअरिंगवर गेली. वाईट निवडायला आलो होतो, पण कान ऐकेनात. माझे कान मेले प्रामाणिक. वाईट वस्तूला चांगलं म्हणवेना आणि चांगलीला वाईट म्हणवेना.

आत आलो तर ही मुलीला विचारत होती, "हिचा आवाज कमीत कमी किती होतो?"

मुलगी गोंधळली. "काकू, सगळे जास्तीत जास्त विचारतात."

"मला कमीत कमी सांग. आणि कुणी चुकून वाढवला तर वाढू नये, असं काही करता येतं का?"

माझ्या वर्मी लागलं. हा टोमणा मलाच, दुसऱ्या कुणाला? मी काय बडवत होतो इतकी वर्षं? "हीच घे," मी तुटकपणे म्हणालो आणि बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसलो. ही बराच वेळ आत होती. काय बोलत होती त्या मुलीशी कोण जाणे. मला कंटाळा येईपर्यंत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात भिंतीवरच्या स्पीकरवर डबी लागली. मी सवयीनं स्टुलावर जाऊन बसलो, ड्रम खोळीत. गाणं सुरू झालं आणि माणसं अशी हलायला लागली की माझ्या ड्रमवर कधी हलली नव्हती. मानेचे काका चक्क कमरेतून डोलले. डाव्या गुडघ्याच्या आजी गाण्याचे शब्द म्हणत होत्या. तास संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला, तर डबीला! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. आणि मग गुडघ्याच्या आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बरं झालं हो, तुम्हालाही सुटका." मी हसलो. ते हसणं कसं दिसलं असेल कुणास ठाऊक, पण आजी लगबगीनं चप्पल शोधायला गेल्या.

बायकांना सवत येते. पुरुषाच्या वाट्याला असलं काही आलं तर त्याला काय म्हणायचं, ह्याची सोय कुणी केलेली नाही. आणि आली तीही काडेपेटीएवढी! भांडायचं कुणाशी? मी तिच्याकडे बघायचो, ती काळी ठिक्कर, थंड. हिच्या ओढणीला चिमट्यानं अडकून, काळजाच्या अगदी शेजारी लटकलेली.

वर्गातलं एक वेळ सोसलं असतं. पण गाडी? पहिले काही दिवस डबी गाडीच्या स्पीकरला जोडली. एक गायक होता, हिला फार आवडायचा. "काय गळा आहे," ही म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी मुद्दाम खड्ड्यातून गाडी नेली. मग एके दिवशी म्हणाली, "गाडीच्या आवाजात नीट लागत नाही," आणि कानात घालायची वायर काढली. तीही एकाच कानात. डाव्या, खिडकीकडच्या. दुसरं टोक गळ्याशी नुसतं लोंबत राहायचं. माझ्या बाजूचा उजवा कान मोकळा.

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, एक कान माझ्यासाठी ठेवलाय. मी बोलायला लागलो. मुलाचं बोललो, सूनबाईच्या नोकरीचं बोललो. उत्तर नाही. ही खिडकीबाहेर बघत, डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलवत, गाण्यात. मी म्हणालो, "ऐकतेस ना?" हूं नाही की चूं नाही. मग मी आवाज चढवला तेव्हा दचकून वळली आणि म्हणाली, "ओरडता काय असे?"

आता सांगा. दोन्ही कान बंद करून बसली असती तर मी समजून घेतलं असतं. ऐकूच येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार! पण एक कान उघडा, तोही माझ्या बाजूचा, आणि त्यातून मी आत जात नाही! म्हणजे माझं बोलणं ऐकूनही उत्तर द्यावंसं वाटत नाही. ह्याहून मोठा अपमान कुठला? त्या गायकाला डावा कान दिला होता, मला उजवा, आणि उजव्याला कुलूप.

मीही बोलायचं बंद केलं. तीन वर्ग, जायचं-यायचं, गाडीत नुसतं इंजिन. मी आरशातून मागच्या सीटकडे बघायचो तर ड्रमची जागा रिकामी. ड्रम मी घरीच ठेवायला लागलो होतो. एकदा सिग्नलला थांबलो असता शेजारच्या गाडीत एक नवरा-बायको कडाकडा भांडत होते. मला त्यांचाही हेवा वाटला. निदान एकमेकांचं ऐकत तरी होते.

घरी लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, एका डबीवर काय जळता?" नातवंडं तर "आजोबा विरुद्ध डबी" असा खेळच खेळायला लागली. ही ऐकून हसली. थोडंसंच हसली आणि उठून आत गेली. ते मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं.

पण जळणारा माणूस नजरेनं तीक्ष्ण असतो. माझ्या लक्षात आलं की ही उजव्या बाजूचं टोक कधीच वापरत नाही. गाडीत नाही, घरी नाही, गच्चीवर एकटी फिरते तेव्हाही नाही. एकदम डोक्यात प्रकाश पडला. बिघडलंय! एक बाजू बंद आहे आणि ही सांगत नाही, कारण सांगितलं तर मी म्हणणार, "बघ, मी म्हणत नव्हतो?" माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दोष सापडला! आता दुकानात नेऊन दाखवायची, परत करायची, आणि उद्यापासून स्टुलावर मी.

वर्ग सुटला. ही दाराशी गुडघ्याच्या आजींना घरी करायचा व्यायाम समजावत होती. डबी टेबलावर होती. मी ती खिशात घातली, "टायरमध्ये हवा भरून येतो" म्हणून ओरडलो आणि दुकान गाठलं.

चष्म्याच्या मुलीनं मला ओळखलं. "काय काका, काकू अजून उड्या मारतात?"

"तुमच्या डबीची एक बाजू बंद आहे," मी म्हणालो. आवाजात जरा विजय होता. "उजवी. आमच्या हिला एकाच कानानं ऐकावं लागतं."

मुलीनं वायरीचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, मग दुसरं. "दोन्ही चालतात की." माझ्याही कानात घालून दाखवली. दोन्हीकडून तोच गायक, ठणठणीत.

"मग ही उजवं का लावत नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून. त्यासाठीच तर मी सेटिंग करून दिलं. एरवी गाण्याची अर्धी वाद्यं एका बाजूला असतात, अर्धी दुसऱ्या. एकच कान असला की अर्धं गाणं जातं. काकूंनी विचारलं, सगळं गाणं डाव्या कानातच आणता येईल का? मी म्हटलं, येतं की. म्हणजे तुम्हाला माहीतच असेल."

"हो, हो," मी म्हणालो. "माहीत आहे."

"आणि आवाज मर्यादेच्या वर जाणार नाही असंही करून दिलंय. डॉक्टरांनी त्यांना मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगितलंय ना. नाहीतर डावाही जाईल म्हणे." तिनं वायर नीट गुंडाळली. "काकू कारखान्यात होत्या का? मी विचारलं, इतका कसा गेला कान? तर म्हणाल्या, आवाजाच्या शेजारी नोकरी होती."

मी डबी घेतली आणि दुकानाबाहेर आलो. गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही.

आवाजाच्या शेजारी नोकरी होती. उजवीकडे, एक पाऊल मागे. शाळेत एवढी वर्षं, नंतर हॉलमध्ये, तळघरात. तळघरात तर आवाज भिंतीवर आपटून दुप्पट व्हायचा आणि मी खूश व्हायचो की काय घुमतोय! माझे हात स्टिअरिंगवर होते. माझ्या ह्या बोटांचा मला केवढा अभिमान. मला माझ्या हातांची किळस आली, हे मी लपवत नाही. आणि त्या डबीला मी काय काय बोललो होतो! तिनं तर हिच्या उरलेल्या कानावर पहारा ठेवला होता.

मग गाडीतलं सगळं आठवलं. माझ्या बाजूचा तो मोकळा कान. मी त्याला गर्विष्ठ म्हणत होतो. मी मुलाबद्दल बोललो, सूनबाईबद्दल बोललो, ऐकतेस ना म्हणालो, आणि ते सगळं बंद दारावर जाऊन पडत होतं. ते दार बंद केलेलं मीच.

हॉलपाशी आलो तर ही पायरीवर उभी होती. माझ्या हातातली डबी तिनं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. शाळेत पोरानं खोडी केली की बघायची तसं नाही. पोरगं पडलं की बघायची तसं.

मी गाडीतून उतरलो, दुसऱ्या बाजूला गेलो आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"तू चालव."

हिला गाडी उत्तम येते. शाळेच्या सहलीची व्हॅन बंद पडली तेव्हा हिनंच ती गावाबाहेरून परत आणली होती. पण निळी गाडी आल्यापासून स्टिअरिंग मी सोडलं नव्हतं. तेही जळकेपणाच, दुसरं काय. रस्त्यावरच्या लोकांनी हिच्याकडे बघू नये म्हणून.

"तुमचे पाय दुखतायत?" हिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "सांधा आखडलाय."

"कुठला?"

मला चटकन सांधा सुचेना. ही चालकाच्या जागेवर बसली, सीट पुढे घेतली, आरसे आपल्या उंचीला लावले. मी शेजारी बसलो, आयुष्यात पहिल्यांदा हिच्या डाव्या हाताला. वायर कानात नव्हती. डबी माझ्याच हातात होती. हिचा डावा कान माझ्यापासून वीतभर अंतरावर, कुडी घातलेला, आणि त्याच्यामागे एक पांढरी बट. इतक्या जवळून मी हा कान कधी नीट पाहिला नव्हता.

वाचनालयाचा रस्ता संपला. मग अगदी हळू म्हणालो, इंजिनच्या आवाजाखाली, ऐकू जाईल की नाही ह्याची मलाच खात्री नव्हती.

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" हिनं रस्त्यावरची नजर न काढता लगेच विचारलं.

लगेच. मध्ये एक ठोकाही गेला नाही. माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"ड्रम फोडून टाकला असता," मी म्हणालो.

"तेच. ड्रम फोडला असतात आणि मग जन्मभर स्वतःचे हात लपवत फिरला असतात. मला माहीत नाही का तुम्ही?" हिनं वळण घेतलं. माझ्यापेक्षा सफाईनं घेतलं, आणि मला ते खुपलंही नाही. "त्यापेक्षा म्हटलं, डबीवर जळू देत. तुम्हाला जळायची सवय आहे. त्यानं तुम्हाला काही होत नाही."

मी हात मांडीवर ठेवले होते, ते बघत राहिलो. पुढे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, तिचा डावा हात गिअरवरून उठला आणि माझ्या हातांवर येऊन बसला. दिवा हिरवा होईपर्यंत तिथेच होता.

मग गाडी सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर हिनं मान जराशी माझ्याकडे कलती केली.

"काही म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.